कज्जा चालवण्याची रीत : बऱ्हाणपूर, मोडी कागद आणि जगभरचे अभ्यासक

श्रीगणेशाची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीने काम पत्करले, पण सांगणे मध्येच थांबता कामा नये अशी अट घातली. व्यासांनीही उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही. दोघांनी एकमेकांच्या अटी मान्य केल्या आणि मगच लेखणी चालू लागली. कामाआधी कामाची रीत ठरवावी आणि ती दोन्ही बाजूंना मान्य असावी, हा या गोष्टीचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला.

या लेखाचा विषय अशाच एका रीतीचा आहे. दोघांत तंटा झाला तर तो ऐकायचा कसा, पुरावा कोणाकडे मागायचा, लिहून काय घ्यायचे आणि तंटा संपवायचा कसा, याची ही रीत. कायद्याच्या भाषेत तिला दिवाणी प्रक्रिया म्हणतात. देशोदेशीच्या आणि निरनिराळ्या काळांतल्या अशा रीती शेजारी शेजारी ठेवून पाहणारे एक शास्त्र आहे आणि अनेक देशांतील विद्वान त्यात एकत्र काम करतात. या अभ्यासाचा आपल्या बऱ्हाणपूरशी आणि आपल्या घरांतल्या जुन्या पेट्यांशी जवळचा संबंध आहे, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

आम्ही वकील नाही, इतिहासाचे प्राध्यापकही नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि राज्य शासनाच्या नोकरीला लागलो. आमचे दिवस अंदाजपत्रके आणि मोजमाप पुस्तिका यांत जातात. या विषयाकडे आम्ही ओढले गेलो ते घरातल्या एका पत्र्याच्या पेटीमुळे.

सतरा वर्षे आणि अकरा ओळी

आमच्या आजोबांनी १९६८ साली शेजाऱ्यांविरुद्ध दावा लावला. दोन घरांमधली भिंत कोणाची आणि पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडायचे, एवढाच वाद. शेजारी काही परके नव्हते. आजी त्यांच्याकडून विरजण आणायची, त्यांच्या घरच्या मुली आमच्या माजघरात भोंडला खेळायच्या. समन्स निघाले त्या दिवसापासून विरजण बंद झाले आणि हळदीकुंकवाचे बोलावणेही थांबले. पेशीमागून पेशी झाली. पुढची तारीख, साक्षीदार गैरहजर, वकिलांची अडचण, मोजणी, मोजणीवर हरकत असे चालत राहिले. चौदाव्या वर्षी आजोबा गेले. सतराव्या वर्षी, १९८५ साली, वडिलांनी आणि शेजारच्या काकांनी तडजोडनामा दाखल केला. त्यात भिंत निम्मी निम्मी ठरली, पाणी सामाईक गटारातून काढायचे ठरले आणि दुरुस्तीचा खर्च दोघांवर टाकला गेला.

दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी करताना माळ्यावरून ती पेटी खाली आली. आत मोडी कागदांचे रुमाल होते. काहींना वाळवी लागलेली होती. आम्हाला मोडी येत नाही, वडिलांनाही येत नव्हती. धुळ्याकडच्या एका जाणकारांकडे कागदांचे फोटो पाठवले. त्यांतला एक कागद शिंदेशाहीतला निघाला. दोन्ही घरांच्या त्या वेळच्या धन्यांनी पाच शेजाऱ्यांना बसवून लिहून घेतलेला तो कागद फक्त अकरा ओळींचा आहे. भिंत निम्मी निम्मी, पाणी मधल्या मोरीतून, डागडुजीचा खर्च दोघांनी सारखा द्यावा, पुढे कोणी कज्जा करू नये. खाली पाचही जणांची नावे.

म्हणजे सतरा वर्षांनी जे ठरले ते दीडशे वर्षांपूर्वी ठरलेलेच होते. दावा चालू होता त्या सर्व काळात तो कागद आमच्याच डोक्यावर, माळ्यावर पडून होता. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या पाच जणांनी एका बैठकीत जे संपवले ते संपवायला आम्हाला सतरा वर्षे का लागली? त्यांची रीत चांगली होती की आपली? हे शोधता शोधता आम्ही वाचत गेलो. वाचलेले थोडक्यात मांडतो.

बऱ्हाणपूरचे शेख निजाम

आपल्या गावाने न्यायाच्या तीन रीती पाहिल्या. पहिली काजीची. फारुकी सुलतानांच्या काळापासून आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांच्या काळातही इथले तंटे काजीपुढे जात. त्या काळातही हे गाव एकाच भाषेचे नव्हते. जामा मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, तो १५९० च्या सुमाराचा. बाहेरचे पाहुणे आले की आपण तो मुद्दाम दाखवतो.

पण एक गोष्ट आपण पाहुण्यांना सांगत नाही, कारण ती आपल्यालाच फारशी ठाऊक नाही. औरंगजेबाच्या काळात ‘फतावा-इ-आलमगिरी’ हा हनफी कायद्याचा प्रचंड अरबी ग्रंथ तयार झाला. तो तयार करणाऱ्या विद्वानांच्या मंडळाचे प्रमुख होते शेख निजाम बऱ्हाणपुरी. औरंगजेबाविषयी कोणाचे मत काहीही असो, हा ग्रंथ कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. कामाचे चार भाग पाडून ते चार विद्वानांकडे सोपवले गेले आणि त्यांच्या हाताखाली आणखी विद्वान दिले गेले. जुन्या ग्रंथांतली परस्परविरोधी मते एकत्र करून, तोलून, त्यांतले ग्राह्य मत नोंदवायचे अशी पद्धत होती. या कामावर सुमारे दोन लाख रुपये खर्च झाल्याचे त्या काळच्या लेखकांनी लिहिले आहे. आजच्या भाषेत हा सामूहिक संशोधन प्रकल्पच म्हणायचा. पुढे अरबस्तान, मिसर, तुर्कस्तानकडे हा ग्रंथ ‘फतावा-इ-हिंदिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हिंदुस्थानातले एक पुस्तक परदेशी न्यायालयांत आधाराला घेतले गेले आणि त्याच्या प्रमुखाच्या नावात आपल्या गावाचे नाव आहे.

या ग्रंथात काजीने कसे वागावे, दावा कसा मांडावा, साक्ष कशी घ्यावी, कबुलीला किती किंमत द्यावी आणि सलोखा कसा करावा, यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मूळ नियम सोपा आहे. जो मागतो त्याने पुरावा द्यावा, जो नाकारतो त्याने शपथ घ्यावी. या कचेरीची भाषा आजही आपल्या तोंडी आहे. फिर्याद, दावा, वकील, जामीन, जप्ती, कैफियत, हुकूम हे सगळे शब्द तिकडून आले. ‘कज्जा’ आणि ‘काजी’ यांचे मूळ एकच.

पूर्वपक्ष, उत्तर, क्रिया, निर्णय

दुसरी रीत आपली मराठी. तिचे एक मूळ धर्मशास्त्रात आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९४६ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. खटल्याला शास्त्रात ‘व्यवहार’ म्हणतात आणि त्याचे चार पाय मानतात. वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय. प्रतिवादीचे उत्तरही चार प्रकारचे असते. आरोप खोटा आहे असे म्हणावे, तो कबूल करावा, कबूल करून वेगळे कारण सांगावे, किंवा याचा निवाडा पूर्वीच झालेला आहे असे दाखवावे. या चौथ्या उत्तराचे नाव ‘प्राङ्न्याय’. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये हेच तत्त्व आहे. एकदा निकाल लागलेला वाद त्याच दोन पक्षांत पुन्हा उकरता येत नाही. रोमन कायद्यातही हे तत्त्व होते. एकमेकांना न भेटलेल्या माणसांना तोच प्रश्न पडला आणि त्यांनी जवळजवळ तेच उत्तर शोधले. तुलनात्मक अभ्यासाची गंमत इथेच आहे.

दुसरे मूळ गावात. महजर, निवाडपत्रे, करीने या कागदांतून ते दिसते. तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार असत आणि अनेकदा काजीही असे. दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळी त्याचा अर्थ होता, ही सभा जो निवाडा करील तो आम्हाला राजी आहे. शिवाय जामीन घेत. मग प्रत्येकाने आपली हकिकत, म्हणजे करीना किंवा तक्रीर, लिहून द्यायची. नंतर कागदपत्रे, भोगवटा आणि साक्षीदार पाहायचे. एखाद्या पक्षाला आपल्या गावची सभा पक्षपाती वाटली तर तो दुसरे ‘थळ’ मागू शके, म्हणजे दुसऱ्या गावच्या सभेपुढे खटला न्यायची मागणी करी. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणारा ‘येजितखत’ लिहून देई. येजितखत म्हणजे आपण हरलो, पुन्हा या बाबतीत बोलणार नाही, अशी हरलेल्याच्या हातची कबुली. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी.

महजराच्या शेवटी हजर असलेल्यांची नावे असतात. ‘महजर’ आणि ‘हजर’ हे एकाच मुळाचे शब्द. पाटलाच्या नावाजवळ नांगराची निशाणी, इतर बलुतेदारांच्या नावाजवळ आपापल्या धंद्याचे हत्यार. लिहिता न येणारा माणूसही त्या कागदावर साक्षीला उभा असे. आमच्या पेटीतल्या अकरा ओळी याच घराण्यातल्या.

मात्र या रीतीचे केवळ गोडवे गाणे खोटेपणाचे होईल. पुरावा तोकडा पडला की दिव्य करायला लावीत. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा आणि हात भाजला की माणूस खोटा. सभेत कोणाचा शब्द किती वजनाचा, हे जातीवर आणि वतनावर ठरे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांना गावच्या सभेत सारखा न्याय मिळाला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. बायकांच्या तक्रारी बहुधा पुरुषांच्याच तोंडून मांडल्या जात. रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा न्यायाधीश आपल्याला अजून आठवतो, याचा एक अर्थ असाही आहे की तसे न्यायाधीश विरळा होते.

एल्फिन्स्टनची प्रश्नावली

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला. त्याने आपल्या कलेक्टरांना प्रश्न पाठवले. पंचायत कशी बसते, तिला किती वेळ लागतो, निकाल अमलात कसा येतो, लोक तिच्यावर समाधानी आहेत काय, असे त्यांचे स्वरूप. उत्तरे जमवून त्याने गुणदोष मांडले. पंचायत संथ आहे, पंचांना आणि पक्षांना हजर करायला तिच्या हाती जोर नाही, लाच आणि पक्षपात आहेच. पण लोकांना ती आपली वाटते आणि तिच्यामुळे देशात पुष्कळ न्याय होतो, म्हणून ती मोडू नये, असे त्याचे म्हणणे होते. ‘तगादा’ या आपल्या शब्दाचे वर्णनही त्यात आहे. सावकार कुळाच्या दारात धरणे धरून बसे आणि कधी कधी सरकारपेक्षा तेच अधिक परिणामकारक ठरे.

आम्हाला हा अहवाल दोन रीतींच्या तुलनेचा एक पहिला मोठा प्रयत्न वाटतो. अर्थात तो जेत्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेला होता. पुढे १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे झाले. त्यांत निकाल कशाच्या आधारे द्यावा याची पायरी ठरवून दिली. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर देशाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय, नीती व सदसद्विवेक. त्याच वर्षी हॅरी बोराडेलने नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मयूखकर्ते नीलकंठ हे मूळ पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले. इतके करूनही पंचायत टिकली नाही. एकदा सरकारी कोर्ट उघडले की हरलेला माणूस तिकडे धाव घेई, मग पंचांचे ऐकायचे कशाला?

लंडनमध्ये नेमलेल्या कायदे आयोगाच्या कामातून पुढे १८५९ ची पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. ती १८७७ आणि १८८२ मध्ये पुन्हा लिहिली गेली. आज चालते ती १९०८ ची, १ जानेवारी १९०९ पासून लागू झालेली. या संहितेने मोठी गोष्ट दिली. कोर्टापुढे कोणत्याही जातीचा माणूस सारखाच वादी आणि सारखाच प्रतिवादी झाला. दिव्य गेले, नोटीस आली, अपील आले, निकालाची कारणे लिहून देणे आले.

पण रीत चांगली असली तरी ती ज्याच्यासाठी आहे त्याला कळली नाही तर काय होते, तेही याच काळात दिसले. कोर्ट लांब, भाषा परकी, स्टँपाचा खर्च वेगळा. कर्जबाजारी कुणबी कोर्टात जातच नसे आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला आणि तो आसपास पसरला. लोकांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले. त्यांचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चौकशी आयोगाने एकतर्फी हुकूमनाम्यांची दखल घेतली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने प्रक्रियाच बदलली. दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न, गावपातळीवर मुन्सफ, रोख्यामागे जाऊन कर्जाचा मूळ हिशोब तपासण्याचा कोर्टाला अधिकार अशा तरतुदी आल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली अनेक वर्षे काम केले. त्याच दशकात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग केला. लोकांना आपलीशी वाटणारी रीत आणि सर्वांना सारखी लेखणारी रीत यांची सांगड घालायची धडपड तेव्हापासूनच चालू आहे.

आपले गाव कुठे होते?

या सर्व काळात बऱ्हाणपूरची वाट थोडी वेगळी राहिली. १७६० मध्ये निजामाकडून हा मुलूख पेशव्यांकडे आला आणि १७७८ मध्ये पेशव्यांकडून शिंद्यांकडे गेला. आपल्यापैकी कितीतरी घराणी या काळात इथे आली. १८०३ मध्ये इंग्रजांनी शहर घेतले, पण तहानंतर ते शिंद्यांना परत मिळाले. बऱ्हाणपूर कायमचे इंग्रजी अमलात गेले ते १८६० च्या सुमारास, मुलखांच्या अदलाबदलीत. पुण्यात १८१८ नंतर जी गोतसभा मागे पडू लागली ती आपल्याकडे आणखी चाळीस वर्षे शिंद्यांच्या अमलात होती. आमच्या पेटीतला तो कागद याच चाळीस वर्षांतला.

पुढे निमाड जिल्हा १८६४ मध्ये मध्यप्रांतात आला. अपिलाची वाट नागपूरकडे गेली आणि १९३६ मध्ये तिथे उच्च न्यायालय झाले. १९३३ मध्ये मध्यप्रांताने कर्ज-सलोख्याचा कायदा केला आणि सावकार व कूळ यांना समोरासमोर बसवणारी मंडळे स्थापली. १९५६ पासून आपले उच्च न्यायालय जबलपूरला आहे. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. काजी, गोतसभा, शिंद्यांचे कमाविसदार, नागपूर, जबलपूर असा हा प्रवास आहे. या प्रत्येक टप्प्याचे कागद या गावातल्या घरांत आहेत.

टोकियोपासून टोरांटोपर्यंत

आता या अभ्यासाविषयी. १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शेकडो महजर आणि निवाडपत्रे वाचून त्यांनी खटला पायरीपायरीने कसा चाले ते दाखवले. पुढे ते गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. या विषयावर काम करणाऱ्याला आजही त्यांच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते.

त्यानंतर परदेशी अभ्यासक मराठी शिकून या कागदांकडे आले. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन गाव, जात आणि राज्यसत्ता यांवर मूळ मराठी साधनांतून लिहिले. त्यांचे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये दिल्लीत पुस्तकरूपाने निघाले. जपानचेच हिरोयुकी कोतानी यांनी दोष, प्रायश्चित्त आणि वतनाचे हक्क यांचा मागोवा घेतला. टोरांटो विद्यापीठाचे नरेंद्र वागळे यांनी पुण्याच्या कोतवालीचे कागद आणि जातींचे तंटे अभ्यासले आणि पुण्याचे अ. रा. कुलकर्णी यांच्याबरोबर ग्रंथ संपादित केले. ऑक्सफर्डच्या रोझालिंड ओ’हॅनलन यांनी चारचौघांच्या साक्षीने चालणाऱ्या या न्यायावर लिहिले. सभा ही केवळ निकाल देणारी नव्हती, गावाची आठवण सांभाळणारीही होती, असे या लेखनातून आम्हाला उमगले.

कायदेपंडितांच्या जगातही असेच एकत्र काम चालते. १९५० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी प्रक्रिया कायद्याच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यांची संघटना उभी राहिली. १९७८-७९ मध्ये त्याच शहरातून माउरो कॅपेलेट्टी यांच्या पुढाकाराने एक बहुखंडी ग्रंथ निघाला. गरीब माणूस कोर्टाच्या दारापर्यंत पोहोचतो का, हा त्याचा प्रश्न होता. २००४ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट आणि रोमची युनिड्रॉइट या संस्थांनी मिळून देशोदेशींच्या दिवाणी प्रक्रियेसाठी ३१ समान तत्त्वे मान्य केली. पंच निःपक्षपाती असावा, समोरच्याला वेळेवर कळवावे, दोघांचेही ऐकावे, निकालाची कारणे द्यावीत, विनाकारण उशीर करू नये, जमेल तिथे समेटाला वाव द्यावा. ही यादी वाचताना आम्हाला शेख निजामांच्या ग्रंथातली प्रकरणे आठवली आणि राजीनामा, थळ, करीना, जयपत्रही आठवले. नावे निराळी, गरज एकच.

एक गोष्ट यातून स्पष्ट होते. हे काम एकट्याचे नाही. एकाला मोडी येते पण अरबी येत नाही, दुसऱ्याला संस्कृत येते पण इंग्रजी कायदा कळत नाही. म्हणून टोकियो, टोरांटो, ऑक्सफर्ड आणि पुणे इथले लोक एकमेकांचा हात धरतात. आणि या सर्वांना कच्चा माल कोण पुरवणार? ज्यांच्या माळ्यावर पेट्या आहेत ते.

कोणती रीत चांगली?

त्या रात्रीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे. त्या पाच शेजाऱ्यांकडे वेळ होता आणि आठवण होती. निर्णय झाल्यावरही त्यांना त्याच आळीत राहायचे होते, म्हणून तो टिकला. कोर्टाकडे समता आहे, कारणे आहेत, अपील आहे. या गोष्टी सोडून मागे जायची आमची इच्छा नाही. आज देशातल्या जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांत एक कोटीहून अधिक दिवाणी खटले प्रलंबित आहेत. त्यामागे एकट्या न्यायाधीशांचा दोष नाही. तारीख वाढवून मागणारे आपणही असतोच. आजोबांनीही मागून घेतल्या होत्या.

कायद्याने आता जुनी वाट थोडी मोकळी केली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो १९९५ पासून लागू झाला आणि त्याने लोकअदालतीला कायद्याचे बळ दिले. संहितेचे कलम ८९ जुलै २००२ पासून न्यायालयाला समेटाची वाट सुचवायला सांगते. २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. लोकअदालतीत समेट झाला तर त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. राजीनामा आणि येजितखत यांचीच ही नवी रूपे आहेत असे आम्हाला वाटते. फरक इतकाच की इथे दोघेही थोडे जिंकतात आणि थोडे हरतात.

मंडळाला एक विनंती

त्या कागदाची झेरॉक्स आणि देवनागरी प्रत घेऊन आम्ही शेजारी गेलो. आता त्या घरात त्या काकांचा नातू राहतो. त्याने दोन वेळा वाचले आणि म्हणाला, “काका, हे आधी सापडलं असतं तर आमचे आबा आणि तुमचे आजोबा शेवटपर्यंत बोलत राहिले असते.” आम्हाला उत्तर सुचले नाही. साक्ष्य कायद्यात तीस वर्षांहून जुन्या, योग्य ताब्यातून आलेल्या कागदाला विशेष मान आहे. पण कागद वाचताच आला नाही तर मान कोण देणार?

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना हात जोडून सांगणे आहे. घर पाडताना, रंगवताना, वाटणी करताना मोडी रुमाल रद्दीत घालू नका, तापीत सोडू नका. निंबाचा पाला घालून कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो घ्या. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्यासारख्या संस्थांनी असेच घरोघरचे कागद सांभाळले म्हणून आज जपानी माणूसही आपला इतिहास वाचू शकतो. पुढच्या गणेशोत्सवात मंडळाने एक दुपार फक्त यासाठी ठेवावी. ज्याच्याकडे जे आहे ते आणावे, त्याची यादी करावी, फोटो काढावेत आणि कागद ज्याचा त्याला परत द्यावा. दोन-चार तरुणांनी मोडी शिकायचे मनावर घ्यावे. त्यांच्या प्रवासखर्चाचा काही वाटा आम्ही उचलू.

आपण या गावात परके म्हणून आलो नाही आणि परके म्हणून राहिलोही नाही. इथल्या भिंती, मोऱ्या, वाटा आणि वहिवाटी यांवर आपल्या पूर्वजांनी शेजाऱ्यांच्या साक्षीने सह्या केलेल्या आहेत. त्या सह्या वाचता येणे हे आपले काम आहे. अर्थ समजून लिहायची अट गणपतीने पाळली, जपून ठेवलेले समजून घ्यायची अट आपण पाळू.

गणपती बाप्पा मोरया!